शेजारच्या भाड्याच्या व्हिलात रात्री 10 नंतर डीजे: तक्रार कुठे आणि नेमकी कशी लिहायची?

वाड्यावरची (मांद्रे)

पेडण्याच्या किनारपट्टीतला निवासी वाडा. मधोमध एक व्हिला, पोहण्याचा तलाव उघड्यावर, पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिला जातो. शुक्रवारी-शनिवारी रात्री साडेदहानंतर स्पीकर लागतात ते दीड-दोनपर्यंत. पोलिसांची गाडी आली की आवाज खाली, गाडी वळली की पुन्हा वर. व्यवस्थापकाचं उत्तर ठरलेलं: ‘आमच्याकडे म्युझिक लायसन्स आहे आणि मशीन लावून बघा, आवाज मर्यादेतच आहे.’ पंचायतीत तोंडी सांगून झालं.

विचारायचं ते असं. त्या लायसन्सवर रात्री 10 नंतर वाजवता येतं का? डेसिबल मोजल्याशिवाय तक्रार टिकते का, मोबाईलमधलं अ‍ॅप चालतं का? तक्रार कुणाकडे, पोलीस, पंचायत, प्रदूषण मंडळ की उपजिल्हाधिकारी? आणि स्पीकर बंद असतानाही तलावाभोवती जो आरडाओरडा चालतो, रस्त्यात आडव्या गाड्या लागतात, त्याला कुठला कायदा?

कागदपत्र

आधी एक गोष्ट पक्की करा: तुमची तक्रार डेसिबलवर उभी करू नका, वेळेवर उभी करा. बहुतेक तक्रारी इथेच घसरतात. ‘खूप मोठा आवाज’ असं लिहिलं की समोरचा मोजमापाच्या वादात ओढतो, आणि मोजायला माणूस येईपर्यंत आवाज खाली गेलेला असतो.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 मधला नियम 5(2) वाचा. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत लाऊडस्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, वाद्य, आवाज काढणारं कुठलंही साधन वापरायला मनाई आहे. अपवाद बंदिस्त जागेचा, तोही आतल्या आत ऐकण्यापुरता: सभागृह, परिषद कक्ष, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल. दुसरा अपवाद सार्वजनिक आणीबाणीचा. उघड्या तलावाची कड ही बंदिस्त जागा होत नाही. तिथे 10 वाजून 5 मिनिटांनी स्पीकर चालू असेल तर उल्लंघन झालं, मग तो 50 डेसिबलवर असो की 90 वर. तक्रारीचा नियम 7 सुद्धा हेच सांगतो: दिवसा मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा जास्त आवाज असावा लागतो, पण रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला तर तेवढाच तक्रारीला पुरेसा आहे. 2010 च्या दुरुस्तीने हे स्पष्ट झालं.

‘म्युझिक लायसन्स’ म्हणजे बहुधा गाण्यांच्या कॉपीराइटची फी भरल्याची पावती. तिचा आवाजाशी काही संबंध नाही. पंचायतीचा व्यवसाय परवाना, अबकारी खात्याचा दारूचा परवाना हेही वेगळे कागद. लाऊडस्पीकरची लेखी परवानगी नियमांतल्या ‘प्राधिकरणा’कडून लागते, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी किंवा शासनाने नेमलेला किमान उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी. ती परवानगी असली तरी उघड्यावर 10 ला संपते. मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवसच देऊ शकतं, सांस्कृतिक किंवा धार्मिक सणासाठी, आणि ते दिवस अधिसूचनेत छापलेले असतात. एखाद्याच्या वाढदिवसाची पार्टी त्यात बसत नाही. तुमच्या तारखा त्या यादीशी ताडून घ्या आणि तक्रारीत तसं एक वाक्य घाला. पुढचा एक बहाणा तिथेच संपतो.

आवाज चालू असताना 112 ला फोन करा. सांगायच्या गोष्टी तीनच: जागेची खूण, ‘उघड्यावर स्पीकर, रात्री 10 नंतर’, आणि ‘आत्ता चालू आहे’. नोंदीचा क्रमांक मागून घ्या. गाडी गेल्यावर आवाज परत चढला तर पुन्हा फोन करून दुसरा क्रमांक घ्या. एका रात्रीत दोन-तीन नोंदी असल्या की ‘सांगितल्यावर बंद केलं’ हा बचाव उरत नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्थानकात लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. अर्जाचा गाभा असा असू द्या:

‘दि. __ रोजी रात्री 10.40 ते 1.15 या वेळेत सर्व्हे क्र. __, उपविभाग क्र. __, वाडा __, गाव मांद्रे येथील व्हिलाच्या उघड्या आवारात अ‍ॅम्प्लिफायर व लाऊडस्पीकर चालू होते. हा ध्वनी प्रदूषण नियम 2000 मधील नियम 5(2) चा भंग आहे. 112 वरील नोंदी क्र. __ व __. सदर तारीख शासनाने सवलत दिलेल्या दिवसांत येत नाही. नियम 8 नुसार आदेश व्हावा.’

सर्व्हे नंबर जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मिळतो. व्हिलाच्या जाहिरातीतलं नाव लिहून भागत नाही. ते बदलतं, जमीन बदलत नाही.

शिक्षेबद्दल: पर्यावरण (संरक्षण) कायदा 1986 च्या कलम 15 मध्ये आधी 5 वर्षांपर्यंत कैद होती. 1 एप्रिल 2024 पासून त्याजागी 10 हजार ते 15 लाख रुपये दंड आहे. म्हणून जुने फॉर्म उतरवून ‘कैदेची शिक्षा व्हावी’ असं लिहू नका.

मापक

डेसिबलच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, कारण व्यवस्थापकाचं ‘मर्यादेतच आहे’ हे पुष्कळदा अर्धसत्य असतं.

निवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डीबी-ए (‘ए’ भारांकनाने मोजलेले डेसिबल). व्यापारी भाग 65 आणि 55, शांतता क्षेत्र 50 आणि 40. खाजगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 ने जास्त चालतो, म्हणजे निवासी भागात रात्री 50. मोजायचं हद्दीवर, डीजेच्या टेबलाजवळ नाही आणि तुमच्या बेडरूममध्येही नाही. हॉटेलवाले ‘75 ची परवानगी’ म्हणतात तेव्हा ते सार्वजनिक जागेचं कलम अर्धंच सांगतात. तिथे मर्यादा अधिक 10 किंवा 75, यातलं जे कमी असेल ते लागू होतं. निवासी भागात ते दिवसा 65 भरतं, 75 नव्हे.

आता खरी मेख. ‘ए’ भारांकन माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या पट्टीतला आवाज कमी धरतं. सबवूफरचा 50-60 हर्ट्झचा धक्का मीटरवर 25-30 डेसिबलने कमी दिसतो, पण भिंतीतून आणि कौलांतून तोच सगळ्यात सहज आत येतो. खिडक्या लावल्यावर गाण्याचे शब्द जातात, ठोका राहतो. त्यामुळे मीटर 48 दाखवतो आणि घरात झोप लागत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. ‘कागदपत्र’ यांनी वेळेवर भर द्यायला सांगितलं त्याचं हेही एक कारण.

मोबाईलचं अ‍ॅप पुराव्याला चालत नाही. माइक बोलण्याच्या आवाजासाठी बनवलेला असतो, बरेच फोन मोठा आवाज आपोआप दाबतात, आणि कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्र तपासून जुळवल्याचा, दाखला नसतो. आवाज किती वाजता चढला-उतरला याची स्वतःसाठी नोंद ठेवायला मात्र ते ठीक. त्यापेक्षा व्हिडिओ काढा: एका सलग चित्रणात आधी घड्याळ, मग व्हिला दिसेल अशी चौकट, मग आवाज. कापाकापी करू नका, मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या प्रतीत वेळेची माहिती गळते.

अधिकृत मोजणी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मागा, कार्यालय साळगावला आहे. मोजणाऱ्यांना चार गोष्टी विचारा: मीटर अचूकतेच्या क्लास 1 चा की 2 चा, कॅलिब्रेशनची तारीख, मोजणी ठरावीक वेळेच्या सरासरीची (Leq) आहे की क्षणाची, आणि गाणं थांबल्यावरचा पार्श्वभूमीचा आवाज घेतला का. मीटर जमिनीपासून 1.2 ते 1.5 मीटर उंच आणि भिंतीपासून निदान 3 मीटर दूर हवा, माइकवर वारा अडवणारा फोम हवा. किनाऱ्यावर हे महत्त्वाचं, कारण लाटा आणि वारा मिळून 45 सहज ओलांडतात. पावसाळ्यात शेतात बेडूक ओरडत असताना केलेली मोजणी तर जवळजवळ निरुपयोगी. गाणं चालू आणि बंद यांत 10 डेसिबलचा फरक असेल तर आकडा गाण्याचाच. फरक 3 असेल तर निम्मी ध्वनिऊर्जा पार्श्वभूमीची, आणि समोरचा वकील तेच बोट ठेवणार.

सातेरी

एक अडचणीचा प्रश्न. आपल्याच वाड्यावर जत्रेला दशावतारी नाटक रात्रभर चालतं, सप्ताहाचं भजन कर्ण्यावर पहाटेपर्यंत. व्हिलावाल्याने उलट तक्रार केली तर?

कागदपत्र

करेल, आणि नियम त्याच्या बाजूनेही तसाच लागू होईल. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली चर्च ऑफ गॉड प्रकरणात स्पष्ट केलं की ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करणं हा धर्माचा भाग नाही आणि दुसऱ्यांची शांतता मोडून तसं करता येत नाही. जुलै 2005 च्या निकालात रात्री 10 ते सकाळी 6 ची मर्यादा पुन्हा अधोरेखित झाली. देऊळ, चर्च, मशीद यांना वेगळी सूट नाही.

म्हणून व्हिलाविरुद्ध अर्ज देण्याआधी देवस्थान समितीशी बोला. जत्रेची तारीख सवलतीच्या दिवसांत येते का ते बघा. कर्णे झाडावरून उतरवा, छोटे बॉक्स मांडवाच्या आत प्रेक्षकांकडे तोंड करून लावा, 10 नंतर ध्वनिवर्धक बंद. एक खुलासाही हवा: नियमात ‘वाद्य’ हा शब्दही आहे, त्यामुळे कर्णा काढला म्हणजे पखवाज-झांज आपोआप सुटत नाहीत. जत्रेवर माझाही जीव आहे. पण ज्या घरात आजारी माणूस आहे त्याला आवाज व्हिलाचा की देवळाचा याने फरक पडत नाही.

म्हापसेकर

उरलेल्या दोन प्रश्नांवर.

स्पीकरशिवायचा आरडाओरडा 5(2) मध्ये बसत नाही. तो सार्वजनिक उपद्रव: भारतीय न्याय संहिता कलम 270, शिक्षा कलम 292 खाली 1000 रुपयांपर्यंत दंड. हा अदखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस नोंद घेतात पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. अर्जात नुसता ‘उपद्रव’ शब्द लिहिला तर प्रकरण तिथेच थांबतं ते यामुळे. दारू पिऊन रस्त्यावर धिंगाणा असेल तर कलम 355, वाट अडवून गाड्या लावल्या तर कलम 285, दंड 5000 पर्यंत. गाड्यांचे नंबर फोटोत येऊ द्या. भाड्याची गाडी काळ्या पाटीवरच्या पिवळ्या अक्षरांवरून ओळखू येते.

वारंवार होत असेल तर खरं हत्यार उपजिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, कारण तेच उपविभागीय दंडाधिकारी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली ते सशर्त आदेश काढू शकतात, चौकशी चालू असताना कलम 161 खाली तात्पुरती मनाई करू शकतात, आणि कलम 162 खाली तोच उपद्रव पुन्हा करू नये असं बजावू शकतात. तो आदेश मोडला की न्याय संहितेचं कलम 293 लागतं: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही.

इथे एक चूक हमखास होते. अर्जावर एकाच घराची सही असते. उपद्रव ‘सार्वजनिक’ ठरायला आजूबाजूच्या लोकांना त्रास होतोय हे दिसावं लागतं. एकाच घराचा त्रास हा खाजगी वाद मानून तुम्हाला दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवतात. म्हणून पाच-सहा वेगवेगळ्या घरांच्या सह्या, प्रत्येकापुढे घर क्रमांक आणि व्हिलापासूनचं अंदाजे अंतर मीटरमध्ये. सोबत तारखा-वेळांचा तक्ता, 112 चे क्रमांक, पोलिसांतल्या अर्जाची शिक्क्याची प्रत.

व्हिलाच्या बाबतीत आणखी एक बाजू सुटते. पर्यटकांना मुक्कामाला जागा देणाऱ्याने गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा 1982 खाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. माहिती अधिकारात दोन अर्ज टाका. पर्यटन खात्याला विचारा: या सर्व्हे नंबरवर नोंदणी आहे का, कुणाच्या नावे, किती खोल्यांची. पंचायतीला विचारा: व्यवसाय परवाना दिला आहे का, त्याच्या अटींची प्रत द्या. उत्तराची मुदत 30 दिवस. नोंदणीच नसेल तर खात्याकडे वेगळी लेखी तक्रार. मालकाला एका रात्रीच्या दंडापेक्षा भाड्याचं उत्पन्न बंद होण्याची धास्ती जास्त असते, म्हणून हा अर्ज पुष्कळदा सगळ्यात लवकर लागू पडतो.

वाड्यावरची

आभार. सह्या आणि एक-चौदा या आठवड्यात गोळा करते. शेवटचं विचारते: त्याच आवारात जनरेटर आहे आणि मागच्या बाजूला नवं बांधकाम. ते याच अर्जात घालू का?

मापक

नको, वेगळा अर्ज करा. बांधकामाची आवाज करणारी यंत्रं निवासी भागात रात्री 10 ते 6 चालवता येत नाहीत (नियम 5ए), ब्रेकर, मिक्सर, कटर सगळी त्यात आली. दिवसा मात्र मोजावं लागेल. जनरेटरची कसोटी निराळी: आवाज अडवणाऱ्या पेटीपासून 1 मीटरवर 75 डीबी-एपेक्षा जास्त नको. पेटीची दारं गरम होतं म्हणून उघडी ठेवलेली असतात, आवाज बहुतेक वेळा तिथूनच सुटतो. फोटोत उघडं दार दिसलं पाहिजे, आणि धुराड्याचं तोंड तुमच्या खिडकीकडे असेल तर तेही.