शब्दचर्चा : ‘प्रोग्नोस्टिक मार्कर’साठी मराठी शब्द

प्रश्न : अन्ननलिकेच्या कर्करोगात डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांचा, विशेषतः ईआरसीसी१चा, ‘प्रोग्नोस्टिक मार्कर’ म्हणून, म्हणजे रोगाचे पुढे काय होईल (प्रोग्नोसिस) हे सुचवणारी खूण म्हणून, अभ्यास होतो. या संज्ञेसाठी ‘निदानदर्शक’ म्हणावे की ‘भाकीतदर्शक’?

प्रतिसाद : ‘निदानदर्शक’ नक्कीच नको. आयुर्वेदात निदान म्हणजे रोगाचे कारण. आजच्या मराठीत मात्र रोग कोणता हे ठरवणे म्हणजे निदान. अन्ननलिकेचा कर्करोग एन्डोस्कोपीत घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीवरून ठरतो, त्यात ईआरसीसी१चा काहीच वाटा नसतो. प्रोग्नोसिसच्या अर्थाजवळ जाणारा जुना शब्द ‘साध्यासाध्यता’ हा आहे. चरकसंहितेत रोगांचे सुखसाध्य (सहज बरे होणारे), कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरे होणारे), याप्य (फक्त आटोक्यात ठेवता येणारे) असे भेद केलेले आहेत आणि हा शब्द मला मनापासून आवडतो. परंतु त्यात वैद्याच्या उपचाराला रोग दाद देईल की नाही हा विचार मिसळलेला असल्यामुळे येथे तो घोटाळा करील. म्हणून ‘रोगगतिदर्शक’ हा शब्द मी सुचवतो.

उपप्रश्न : रोगाची गती सांगणे हेही भाकीतच नव्हे काय? मग ‘भाकीतदर्शक’ला हरकत कोणती?

प्रतिसाद : हरकत अशी, की ‘प्रेडिक्टिव्ह मार्कर’ ही वेगळी संज्ञा आहे आणि वाचक ‘भाकीतदर्शक’ हा शब्द तिच्यासाठीच घेईल. रोगगतिदर्शक खूण उपचार कोणताही असो, रुग्णाचे पुढे काय होण्याचा संभव आहे हे सुचवते. प्रेडिक्टिव्ह खूण विशिष्ट उपचाराचा लाभ कोणाला होईल हे सुचवते, म्हणून तिला ‘उपचारप्रतिसाददर्शक’ म्हणावे. शब्द लांबला तरी चालेल, अर्थ निसटता कामा नये.

ईआरसीसी१च्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीतले औषध डीएनएच्या एकाच धाग्यावरील शेजारच्या ग्वानिनांना (ग्वानिन हा डीएनएचा एक घटक) एकमेकांशी जखडून टाकते; ईआरसीसी१ हे एक्सपीएफ या जोडीदार प्रथिनासह तो बिघडलेला भाग कापून काढण्यास मदत करते. साहजिकच, ज्या गाठीत हे प्रथिन भरपूर आहे तिथे सिस्प्लॅटिनचा परिणाम कमी होण्याची शक्यता असते. याउलट, हीच दुरुस्ती जनुकसंचाचे रक्षण करते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी न घेतलेल्यांपैकी गाठीत ईआरसीसी१ आढळलेले रुग्ण अधिक काळ जगले, तर केमोथेरपीचा लाभ गाठीत ते न आढळलेल्यांना झाला. म्हणजे एकच प्रथिन एका अर्थाने शुभ आणि दुसऱ्या अर्थाने अशुभ ठरले. (ईआरसीसी१ मोजण्यासाठी वापरलेले प्रतिद्रव्य, म्हणजे प्रथिनाला चिकटून ते दाखवणारी अँटिबॉडी, त्या प्रथिनाच्या कार्यक्षम आणि निकामी रूपांत फरक करू शकत नाही, असे २०१३ साली दाखवले गेले, हेही लक्षात ठेवावे.)

अन्ननलिकेच्या ज्या अभ्यासात सर्वच रुग्णांना सिस्प्लॅटिन व रेडिएशन दिलेले असते, त्यात तुलनेसाठी औषध न घेतलेला गटच नसतो. तेथे ईआरसीसी१ कमी असलेले रुग्ण अधिक जगले, तरी ते औषध लागू पडल्यामुळे की मुळातच रोग मवाळ असल्यामुळे, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. अशा अभ्यासाबद्दल मराठीत लिहिताना ‘जगण्याच्या कालावधीशी संबंध आढळला’ एवढेच लिहावे.

उपप्रश्न : उपचारप्रतिसाददर्शक खुणेचे स्पष्ट उदाहरण आहे का?

प्रतिसाद : आहे, आणि तेही दुरुस्तीच्याच क्षेत्रातले. एमएलएच१, एमएसएच२ यांसारखी, डीएनएतील चुकीच्या जोड्या सुधारणारी प्रथिने ज्या गाठीत निकामी असतात, अशा गाठींसाठी अमेरिकेत २०१७ साली पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली, मग गाठ कोणत्याही अवयवातली असो. अन्ननलिकेत अशा गाठी थोड्याच सापडतात.