एकट्या माणसाला चार चाकं कशाला? बंद केबिनची तीनचाकी हायब्रिड स्कूटर नाशिकला हवी

सातपूरकर :
सकाळी नऊच्या सुमारास त्र्यंबक रोडने सातपूरकडे निघालेल्या गाड्यांत डोकावून बघा. बहुतेक गाड्यांत चालवणारा एकटाच असतो. शेजारच्या सीटवर डबा आणि लॅपटॉपची बॅग. या मंडळींनी पाच सीट लागतात म्हणून कार घेतलेली नाही. पावसात कपडे भिजू नयेत, मे महिन्यात डोकं तापू नये, ओल्या रस्त्यावर गाडी घसरू नये, एवढंच त्यांना हवं होतं. स्कूटर यातलं काहीच देत नाही, म्हणून लाखांचं कर्ज काढून एका माणसासाठी पाऊणएक टन लोखंड रोज फिरवायचं. ही सरळसरळ उधळपट्टी आहे.

माझं म्हणणं असं की मधला पर्याय बाजारात यायला हवा. पुढे दोन चाकं, मागे एक. डोक्यावर छत, समोर वायपर असलेली काच, बाजूला लावता येतील असे दरवाजे. खाली लहान पेट्रोल इंजिन आणि जोडीला बॅटरीवरची मोटर, म्हणजेच हायब्रिड.

हे हवेतलं स्वप्न नाही. पियाजिओने पुढे दोन चाकांची, वळणावर झुकणारी एमपी३ स्कूटर २००६ साली आणली. २००९ मध्ये तिचीच १२५ सीसीची हायब्रिड आवृत्ती आली, घरच्या प्लगवर चार्ज होणारी. होंडाची छतवाली तीनचाकी जायरो कॅनोपी जपानमध्ये कित्येक वर्षं पिझ्झा पोचवते आहे. आणि पियाजिओ काही आपल्याला परकी नाही, तिच्या आपे रिक्षा आपल्या बारामतीतच बनतात.

हायब्रिडच का? मुंबई नाका ते द्वारका गाडी जितकी चालते तितकीच उभी राहते. तिथे इंजिन नुसतं पेट्रोल पितं. थांबून उठायचं काम मोटरने करावं, ब्रेक मारताना थोडी वीज परत बॅटरीत जावी आणि सिन्नर किंवा त्र्यंबकला जायचं झालं तर चार्जिंगची चिंता नसावी. सिडकोतल्या रो-हाऊसवाल्यांची गाडी रस्त्यावर उभी असते, त्यांनी प्लग कुठून आणायचा?

गॅरेजवाला_द्वारका :
भाऊ, कल्पना ऐकायला चांगली आहे, पण चाकांतल्या अंतराचा विचार तुम्ही केलेला नाही.

रिक्षाला पुढे एक चाक. वळणात ब्रेक मारला की वजन पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यावर जातं आणि नेमकं तिथे चाक नसतं, म्हणून ती कलंडते. पुढे दोन चाकं असली तर हा धोका कमी होतो, हे मान्य. पण केबिन उंच आणि गाडी अरुंद असली तर तीही वळणात उचलली जाणार. यावर उपाय दोनच. एक, गाडी रुंद करा. बजाजची क्यूट आठवते का? वाळूजला बनते, चार चाकं, २१६ सीसी, रुंदी १.३ मीटर. म्हणजे जवळजवळ रिक्षाएवढी. मग दहीपुलाच्या अरुंद बाजारात ती कारसारखीच अडकणार. दुसरा उपाय, गाडी वळणात झुकली पाहिजे, एमपी३सारखी. त्यासाठी पुढे समांतर दांड्यांचा सांगाडा, दोन सस्पेन्शन, प्रत्येक सांध्यात बेअरिंग आणि उभं राहताना झुकाव धरून ठेवणारं हायड्रॉलिक लॉक.

आता पावसाळा संपता संपता माझ्याकडे काय येतं ते सांगतो. साध्या स्प्लेंडरचे कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. खड्ड्यांनी गोळ्यांचे वण कपात उमटलेले असतात, हँडल सरळ धरलं की कट्ट करून अडकतं. एका चाकाची ही गत, तर तिथे सांधेच सांधे. चिखल, धूळ, वर पाण्याचा प्रेशर मारून धुणारे आपले लोक. आणि दुचाकीला खड्डा चुकवायला एकच रेघ शोधावी लागते, या गाडीला तीन. पुढची दोन चाकं खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी काढाल, तर मागचं बरोबर मधोमध खड्ड्यात.

सातपूरकर :
तुमचा अनुभव मोठा आहे, त्यावर वाद नाही. पण याच सांगाड्यामुळे मिळतं काय तेही बघा. पुढच्या एका चाकाखाली वाळू किंवा सांडलेलं ऑइल आलं, तर दुसरं पकड धरून असतं. अंबडच्या रस्त्यांवर दुचाकी पडते ती याच कारणाने. आणि गॅरेजवाल्यांना नवं जमत नाही असं मी मानत नाही. फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हाही हीच भीती होती. यामाहाची फॅसिनो २०२१ पासून हायब्रिड आहे, निघताना काही सेकंद मोटर जोर लावते. ती तुमच्याकडे येत असेलच.

गॅरेजवाला_द्वारका :
येते. पण फॅसिनोची मोटर म्हणजे स्टार्टर आणि जनरेटरचं काम करणारा एकच भाग, बाकी स्कूटर नेहमीचीच. तुम्ही मागताय ती पूर्ण हायब्रिड, म्हणजे इंजिन वेगळं, मोठी मोटर वेगळी, बॅटरी वेगळी, तिघांना सांभाळणारा कंट्रोलर वेगळा. रोजचं पंधरा-वीस किलोमीटर जायचं तर सरळ इलेक्ट्रिक घ्या ना. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के आहे, इलेक्ट्रिकवर ५. कंपनी हायब्रिड कशाला बनवेल? हिरोच्या सर्ज या स्टार्टअपने २०२४ मध्ये दाखवलेली एस३२ हीच वाट धरते : तीनचाकीच्या केबिनमधून आख्खी स्कूटर बाहेर निघते, आणि सगळं बॅटरीवर.

कॉलेजरोडची_आई :
दादा, तुमच्या हिशेबात मुलं कुठेच नाहीत. मी ऑफिसला एकटी जाते हे खरं, पण वाटेत दोघांना शाळेत सोडते, संध्याकाळी एकीला क्लासहून आणते, महिन्याचा किराणा असतो, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं असतं. सकाळी पाच मिनिटं तुम्हाला मी एकटी दिसते आणि तुम्ही ठरवून टाकता की गाडी एकटीसाठी आहे. दोन सीटच्या केबिनमध्ये हे बसत नाही. ती घेतली तरी कार ठेवावीच लागेल, म्हणजे दारात दोन गाड्या.

पावसात स्कूटरवर बसलेलं चौघांचं कुटुंब पाहूनच रतन टाटांना नॅनो सुचली होती. ती चार चाकांची होती, चौघं बसत होते, तरी २०१८ मध्ये बंद पडली. क्यूट २०१९ मध्ये महाराष्ट्रात अडीच लाखांच्या आसपास आली, तरी घरापुढे लावलेली क्यूट क्वचितच दिसते. तेवढ्या पैशात लोक जुनी वॅगन-आर घेतात आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

दुसरं, सुरक्षितता. बीएमडब्ल्यूने २००० साली सी१ नावाची छतवाली स्कूटर काढली होती. दुचाकीच, पण भोवती ॲल्युमिनियमचा पिंजरा आणि चालवणाऱ्याला सीटबेल्ट. जर्मनीने तिला हेल्मेटची सूट दिली, ब्रिटनने नाही दिली. दोन-तीन वर्षांत तिचं उत्पादन थांबलं. आपल्याकडे असा भक्कम पिंजरा बनेल, की रिक्षाच्या हूडसारखं पातळ पत्र्याचं आणि फायबरचं कवच येईल? दार लागलं की माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत, हेल्मेट डिकीत जातं. मग महामार्गावर मागून ट्रेलर आला तर?

पंचवटीकर_काका :
ताई, तुमचं मुलांचं बरोबर आहे. पण माझ्यासारख्यांचाही विचार करा. माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. मालेगाव स्टँडच्या चढावर सिग्नलला स्कूटर उभी धरायची, मागे मंडळी बसलेली, हातात भाजीची पिशवी, तेव्हा पाय टेकताना जीव मुठीत धरावा लागतो. कार मला जुन्या पंचवटीतल्या गल्लीत लावताच येत नाही.

म्हणून लोक काय करतात? अॅक्टिव्हाला मागे दोन साइड व्हील लावून घेतात. अपंगांसाठी केलेली सोय, आता म्हातारेही वापरतात. ती गाडी झुकत नाही, वळणात बाहेर फेकते, खड्ड्यात एक बाजू उचलली जाते. मी चालवून पाहिली आणि परत दिली. गॅरेजवाल्या भाऊंनी सांगितलेलं ते लॉक, म्हणजे थांबल्यावर गाडी आपोआप उभी राहते आणि पाय टेकावा लागत नाही, ते मला एअरकंडिशनपेक्षा मोलाचं आहे. छत नाही दिलं तरी चालेल. रेनकोट घालेन.

रोज_बसने :
सगळे गाडीच्या आत बसून बोलताय. रस्त्यावर काय होईल ते बोला. सातपूरकर म्हणतात कारवाले ही गाडी घेतील. मला वाटतं कारवाले कार सोडणार नाहीत, ही गाडी स्कूटरवाले घेतील. म्हणजे आज जो माणूस रस्त्यावर एवढीशी जागा खातो तो उद्या जास्त खाईल. वाहतूक कमी कशी होणार?

नाशिकला सिटीलिंक बससेवा २०२१ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओ, म्हणजे रबरी टायरवर धावणारी मेट्रो, जाहीर झाली, २,०९२ कोटींची, आणि आजही तिचा एक खांब दिसत नाही. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. रामकुंडापर्यंत कोणाचीच खासगी गाडी जाणार नाही, मग तिला दोन चाकं असोत, तीन असोत की चार. जो आवाज तुम्ही नव्या गाडीसाठी लावताय, तो दर दहा मिनिटाला बस मिळावी म्हणून लावा.

सातपूरकर :
बस हवीच. मीही तेच मागतो. पण दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा अंबडच्या गेटवर उभा असलेला कामगार बसची वाट किती बघणार? बस सुधारेपर्यंत त्याने काय करायचं, याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

ताई, तुमच्या घराला कार लागते आणि ती असावी. माझं म्हणणं घरातल्या दुसऱ्या गाडीबद्दल आहे. गंगापूर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत बघा, नवरा-बायकोच्या दोन कार पार्किंगमध्ये एकमेकींना अडवून उभ्या असतात. त्यातली दुसरी जाऊन तिथे ही आली तरी पुष्कळ झालं. लांबचं म्हणाल तर मुंबईला पंचवटी एक्सप्रेस आहे. समृद्धीवर तीनचाकीला तसाही प्रवेश नाही.

आणि काका, फ्रान्समध्ये एमपी३चं रुंद मॉडेल कारच्या लायसन्सवर चालवता येतं. म्हणून पॅरिसमध्ये कोट-टायवाले तिच्यावर ऑफिसला जातात. आपल्या परिवहन विभागाने खासगी वापराच्या झुकणाऱ्या तीनचाकीसाठी लायसन्स, हेल्मेट आणि पिंजऱ्याची मजबुती याचे नियम एका जागी स्पष्ट लिहिले, तर कंपन्या पुढे येतील. मला सूट नको, हेल्मेट राहू द्या.

गॅरेजवाला_द्वारका :
नियम करा, मी विरोध करणार नाही. फक्त पुढच्या सांगाड्याचे बुश आणि बेअरिंग सुटे मिळायला हवेत. कंपनी पूर्ण असेंब्लीच बदला म्हणाली, तर गिऱ्हाईक दुसऱ्याच वर्षी गाडी विकायला काढेल, आणि घेणारा मिळणार नाही.

कॉलेजरोडची_आई :
दुसरी गाडी म्हणून विचार करता येईल. पण मागच्या सीटवरचं मूल उतरणार कुठून? दार उजवीकडेही उघडणार असेल तर शाळेच्या गेटपुढे मी ती उभी करणार नाही.