सासवड एका दिवसात नीट बघायचंय, सोबत सासूबाई आणि सातवीतली मुलगी. काय बघू, काय सोडू?

मीनल_हडपसर
नमस्कार मंडळी. आम्ही हडपसरला राहतो आणि जेजुरीला नेहमी जाणं होतं, म्हणजे दिवे घाट चढायचा, सासवड आलं की चहा घ्यायचा आणि पुढे सुटायचं. यावेळी ठरवलंय की जेजुरी नाही, फक्त सासवड, अख्खा दिवस. मुलीला शाळेत पेशवाई आहे आणि ती विचारत होती की पेशवे पुण्याला यायच्या आधी कुठे राहायचे, तेव्हा कोणीतरी सासवडचं नाव घेतलं. सासूबाईंना सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घ्यायचंय. त्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या थोड्याच जमतात. गाडी आहे. नेटवर बघितलं तर सगळीकडे तीच दहा ठिकाणांची लिस्ट येते, त्यात अर्धी सासवडमधली नाहीतच, नारायणपूर, केतकावळे, जेजुरी हेच. गावात नक्की काय आहे आणि कुठल्या क्रमाने बघावं हे कोणी तिथलंच सांगेल का? पुरंदर किल्ला पण त्याच दिवशी होईल का?

कऱ्हाकाठ
मीनलताई, मी सासवडचाच, तुम्ही गावासाठी अख्खा दिवस काढताय हे वाचून खरंच बरं वाटलं. लोक आमच्या गावातून जातात, गावात येत नाहीत.

मुलीच्या प्रश्नापासूनच सुरू करा. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवेपद दिलं आणि त्यांचं बिऱ्हाड होतं सासवडला, अंबाजीपंत पुरंदऱ्यांच्या आधाराने. या दोन घरांचा घरोबा पुढे कितीतरी वर्षं टिकला. बाळाजीपंत १७२० मध्ये इथेच सासवडात वारले आणि त्यांची समाधी कऱ्हेच्या काठी आहे. शनिवारवाड्याचा पाया घातला १७३० मध्ये, म्हणजे मुलीला सांगा की भट घराण्यातला पहिला पेशवा शनिवारवाडा न बघताच गेला, त्याचं गाव हे. शाळेच्या पुस्तकात पेशवाई पुण्यातच सुरू झाली असं मुलांना वाटतं, इथे उभं राहिलं की वेगळं कळतं.

मग सरदार पुरंदऱ्यांचा वाडा. बाहेरूनच दरवाजा आणि बुरूज बघून तुम्हाला शनिवारवाड्याची आठवण येणार, सगळ्यांनाच येते. आत मात्र बरीच पडझड झालीये आणि ते उघडं पर्यटनस्थळ नाही, तेव्हा थेट आत शिरू नका, आजूबाजूला विचारा, कोणी असेल तर बोला. नाहीच जमलं तरी नुसत्या दरवाजासमोर पंधरा मिनिटं थांबा, खालचं दगडी काम आणि वरचं विटांचं काम वेगळं दिसतं ते मुलीला दाखवा.

संगमेश्वर मात्र अजिबात सोडायचं नाही. कऱ्हा आणि चांबळी या दोन नद्या मिळतात तिथे आहे, घाट, दीपमाळा, मोठा नंदी, आणि सभामंडपातले खांब बघत बसलात तर तास कसा गेला कळत नाही. सकाळी जा, उन्हं तिरपी असतात तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट वाटतं. पायऱ्या आहेत पण सावकाश चढल्या तर आजींना जमतील, नाहीतर खाली घाटावर बसायला सुद्धा छान जागा आहे. तिथून पुढे चांगावटेश्वर, गावाच्या जरा बाहेर, नारायणपूरच्या दिशेला. नाव चांगदेवांवरून. ज्यांना माऊलींनी पासष्ट ओव्या लिहून पाठवल्या तेच चांगदेव. तिथे गर्दी जवळजवळ नसतेच आणि मला स्वतःला संगमेश्वरापेक्षा तेच जास्त आवडतं, खांबांवरची नक्षी जवळून, हात लावता येईल इतक्या अंतरावरून बघता येते (हात लावू नका पण).

एक विनंती. कऱ्हा बारमाही नदी नाही, उन्हाळ्यात कोरडी दिसेल, सांडपाणी पण दिसेल, त्याचं आम्हा गावकऱ्यांनाही वाईट वाटतं. घाटावर प्लास्टिक, निर्माल्य टाकू नका आणि कोणी टाकत असेल तर सांगा. आचार्य अत्रे इथले, जन्म १८९८ चा जवळच्या कोडीतचा, त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं ते याच नदीचं. गावात त्यांच्या नावाचं सांस्कृतिक भवन आहे.

माळकरी_तात्या
मुली, सासूबाईंना घेऊन जातेस तर सोपानकाकांपासून दिवस सुरू कर, बाकीचं नंतर. चार भावंडांपैकी निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरला, माऊली आळंदीला, मुक्ताई तापीकाठी आणि सोपानदेव सासवडला. समाधी शके १२१८ ची, म्हणजे इसवी सन १२९६, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी. माऊलींच्या नंतर महिनाभरातच. तिथे नागेश्वराचं देऊळ पण आहे, शांतपणे बसा, आजींना घाई करू नका. मंदिराच्या आवारात फार चढउतार नाही.

पालखीच्या दिवसांत मात्र जाऊ नका, म्हणजे वारी म्हणून जायचं असेल तर जरूर जा पण गाव बघायला म्हणून नको. ज्येष्ठ वद्य एकादशीच्या सुमारास माऊलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला येते, सगळ्या वाटचालीतला सगळ्यात मोठा टप्पा तो, आणि दोन रात्री मुक्काम असतो. माऊली गावात असतानाच धाकट्या भावाची पालखी पंढरपूरला निघते. तो निरोप एकदा तरी बघावा असा आहे, मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून बघितलाय आणि अजून दरवर्षी जाऊन उभा राहतो. त्या दिवसांत घाटातून गाड्या बंद असतात.

गडवाट_भटक्या
पुरंदर त्याच दिवशी? माझं मत स्पष्ट नाही असं आहे. एक तर तो लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र दाखवून सोडतात आणि संध्याकाळी लवकर खाली उतरवतात. दुसरं म्हणजे तो किल्ला उरकण्याचा नाहीच. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ चा तिथला, १६६५ मध्ये मुरारबाजी तिथे पडले आणि त्यानंतर जयसिंगाशी तह होऊन तेवीस किल्ले द्यावे लागले, सवाई माधवरावांचा जन्म पण तिथलाच, १७७४. एवढं सगळं ज्या जागी घडलं तिथे दुपारी तीनला पोचून चारला परत फिरायचं म्हणजे काय. त्याला वेगळा रविवार द्या.

त्याऐवजी तुम्ही आणि मुलगी मल्हारगड करा. सोनोरी गावाजवळ, सासवडहून अगदी जवळ. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे, त्यांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधला, महाराष्ट्रात बांधलेला शेवटचा किल्ला म्हणतात त्याला. छोटासाच आहे, वर महादेव आणि खंडोबा अशी दोन देवळं शेजारीशेजारी, विहीर, तटबंदी चांगली शाबूत. चढ अर्ध्या तासाचा. तोपर्यंत आजी आणि तुमचे मिस्टर खाली सोनोरी गावात पानश्यांच्या गढीतलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघू शकतात, ते पण सुंदर आहे. पाणी बरोबर न्या, वर सावली नाही.

अंजीरवाला_पुरंदर
बाकीच्यांनी इतिहास सांगितला, मी खायचं सांगतो कारण आमच्या तालुक्यात आलात आणि फळ न खाता गेलात तर काय उपयोग. पुरंदरच्या अंजिराला जीआय मानांकन मिळालंय. हिवाळ्यात खट्टा बहार येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मीठा बहार, गोडी मीठा बहाराची जास्त. पावसाळ्यात आलात तर वाटाणा, ऑगस्टच्या आसपास शेंगा निघायला लागतात आणि त्याच सुमारापासून पुढे सीताफळ. अंजीर घेताना सकाळीच घ्या, आदल्या दिवशीचं उन्हात राहिलेलं लगेच आंबतं, खोक्याच्या खालच्या थरातलं एक उचलून बघा, वरचे नेहमीच चांगले असतात. गाडीत मागे डिकीत टाकू नका, पायाशी सावलीत ठेवा, घाट उतरेपर्यंत निम्मे फुटतात नाहीतर.

मीनल_हडपसर
बापरे, किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. मुलीला वाचून दाखवलं, आता तिला बाळाजी विश्वनाथांच्या समाधीपासूनच सुरू करायचंय आणि सासूबाईंना सोपानकाकांपासून 😊 मला वाटतं पुरंदर काढून टाकते. तात्या, निरोपाचं वाचून सासूबाई म्हणाल्या की पुढच्या ज्येष्ठात जाऊच. फक्त दोन शंका आहेत. भुलेश्वर पण त्याच बाजूला आहे ना, ते जोडावं का? आणि दुपारी बारा ते तीन, उन्हाच्या वेळात काय करायचं?

गडवाट_भटक्या
भुलेश्वर जोडू नका ताई. यवतच्या बाजूला आहे, वाट वाकडी होते आणि तिथलं शिल्पकाम इतकं आहे की त्यालाच अर्धा दिवस लागतो, स्त्रीरूपातला गणपती तिथे आहे तो मुलीला कधीतरी नक्की दाखवा. पण वेगळ्या दिवशी, सोलापूर रस्त्याने.

कऱ्हाकाठ
मी असं करेन. सातच्या आत घाट चढा, घाटात रस्ता रुंदीकरणामुळे कधीकधी खोळंबा होतो म्हणून निघायच्या आधी मॅप बघा. आधी सोपानकाका, म्हणजे आजींचं मन निवांत. मग संगमेश्वर आणि तिथूनच पेशव्यांच्या समाधीला. मुलीला सांगा तासाभराचाच फरक आहे, तिचा पेशवा तिला दहाच्या आत भेटतो. मग वाडा. बाजी पासलकरांची समाधी पण गावात आहे, खळद-बेलसरच्या लढाईत १६४८ ला पडले ते, तिथे दोन मिनिटं तरी थांबा, कोणी फारसं थांबत नाही तिथे.

दुपारी जेवण आणि आराम. पिठलं-भाकरी, आमटी असं साधं मिळणारी खानावळ गावात शोधा, हायवेवरच्या मोठ्या हॉटेलांपेक्षा जेवण बरं असतं. मग उरलेला उन्हाचा वेळ चांगावटेश्वरात, आत दगडात गारवा असतो, आजी तिथे टेकून बसतील. मुलीला वही-पेन्सिल द्या, खांबावरची नक्षी काढू दे. साडेतीनला सोनोरीकडे निघा, मल्हारगड उतरून अंधाराच्या आत घाटाला लागता. मंदिराजवळ गाडी लावायला जागा असते पण जुन्या गावातल्या गल्ल्या अरुंद आहेत, वाड्याकडे गाडी नेऊ नका, चालत जा. आजींना नाही जमलं तर रिक्षा मिळते.