रिटर्न केलेलं पाकीट वाटेत गहाळ: भुर्दंड कुणाला?

आडवातिडवा (धागाकर्ता)
रिटर्नची विनंती मंजूर झाली, पिकअपवाला आला, पाकीट स्कॅन करून घेऊन गेला. पुढे ट्रॅकिंग 'वाटेत आहे'वर अडकलं ते अडकलंच. विक्रेता म्हणतो, माल पोचलाच नाही तर रिफंड कशाचा? कुरिअरवाले म्हणतात, तुम्ही आमचे ग्राहकच नाही, विक्रेत्याला तक्रार करायला सांगा. या टोलवाटोलवीत पैसे अडकतात ते नेमके अशा माणसाचे, ज्याच्याकडे ना वस्तू आहे ना कुरिअरशी करार.

माझं मत: कुरिअर ज्याने ठरवलं, जोखीम त्याची. विक्रेत्याने धाडलेल्या माणसाच्या हाती पाकीट गेलं की ते विक्रेत्याला मिळालं, असंच धरलं पाहिजे. पटत नसेल तर बोला.

गोदामबाबू
नाही पटत. मी छोटा विक्रेता आहे. कुरिअर मी ठरवतच नाही, प्लॅटफॉर्म ठरवतो. परतीचा खर्च तेवढा माझ्या खात्यातून कापला जातो. शिवाय पिकअपचा स्कॅन हा पाकीट उचलल्याचा पुरावा, आत काय होतं त्याचा नाही. नव्या बुटांच्या खोक्यात जुने बूट, मोबाइलच्या खोक्यात साबण, हे आम्हाला नवीन नाही. स्कॅन झाला की पैसे द्या असा नियम झाला, तर लबाडांचं फावेल.

शंकासुर
@गोदामबाबू, दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करताय. खोक्यात साबण निघाला तर ती फसवणूक, आणि ती कळते पाकीट पोचल्यावर. इथे पाकीट पोचलेलंच नाही. ते वाटेत हरवावं हे ग्राहकाच्या हातात कुठे असतं?

आणि पुरावा नाही कसा? वजन असतं की. वजनावरून तुमच्याकडून जादा आकार कापायचा असतो तेव्हा कुरिअरच्या काट्यावरचा आकडा ब्रह्मवाक्य. ग्राहकाच्या बाजूने वापरायची वेळ आली की तोच काटा बेभरवशाचा!

गोदामबाबू
साबणसुद्धा मोबाइलच्या वजनाचा मिळतो हो.

नोंदवही
थोडं कायद्याचं. भारतातल्या १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ४३ सांगतं, की माल नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदाराने तो नाकारला, तर वेगळा करार नसेल तेव्हा माल परत पोचवणं त्याच्यावर बंधनकारक नाही. नाकारल्याचं विक्रेत्याला कळवलं की पुरे. पण 'हक्क असलेल्या' हे शब्द सोडून वाचू नका. सदोष किंवा भलताच माल आला तर हे कलम कामाचं. नुसता रंग आवडला नाही, तर विक्रेत्याचं रिटर्न धोरण काय म्हणतं ते बघावं लागेल.

युरोपीय संघाचा २०११ चा ग्राहक हक्क निर्देश जास्त स्पष्ट आहे. ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते. विक्रेता रिफंड रोखू शकतो, पण माल मिळेपर्यंत किंवा ग्राहक पाठवल्याचा पुरावा देईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवरच. आणि माल स्वतः उचलून नेण्याची तयारी विक्रेत्याने दाखवली असेल, तर रिफंड रोखून धरायची ही सवलतही त्याला नाही. धागाकर्त्याचं म्हणणं याच्या बरंच जवळ जातं.

मधुमालती
पण 'आमच्याकडून पिकअप होत नाही, तुम्हीच पाठवा' म्हणाले तर? आडवातिडवांच्या नियमाने कुरिअर मी ठरवलं, म्हणजे नुकसान माझं. वा रे न्याय! वस्तू त्यांची फुटकी, पळापळ माझी, वर जोखीमही माझीच. कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मूल्य जाहीर करून विमा उतरवला नसेल तर भरपाई ठरावीक रकमेपुरतीच. काउंटरवर ते कुणी वाचून दाखवत नाही.

आडवातिडवा
@मधुमालती, पर्यायच नसेल तर ती निवड कसली? सदोष मालाला तिथेही जोखीम विक्रेत्याचीच. पिकअप मिळत असताना स्वतःच्या सोयीने दुसरीकडून पाठवलं, तर मात्र स्वतः निस्तरा.

@गोदामबाबू, तुमचं भांडण खरं तर प्लॅटफॉर्मशी आहे. ग्राहकाला आधी पैसे द्यावेत आणि मग तुम्ही, प्लॅटफॉर्म, कुरिअर यांनी आपसात हिशेब करावा. करार तुमच्यात आहेत.

गोदामबाबू
बोलायला सोपं आहे. भरपाईच्या दाव्याला मुदत असते, वर फोटो मागतात. न आलेल्या पाकिटाचा फोटो कुठून काढू? प्लॅटफॉर्मने स्वतःच्या खिशातून द्यावेत, मग माझी ना नाही. आज ते माझ्या खात्यातून वळते होतात.

शंकासुर
घ्या, म्हणजे ग्राहकाने सोसू नये हे तुम्हालाही मान्य. उगाच साबण उगाळत बसलो.

मधुमालती
तोवर एक करा. पिकअपवाला 'मेसेज येईल' म्हणत जिना उतरायला लागतो, पण पाकीट उचलल्याचा मेसेज तुमच्या फोनवर येईपर्यंत त्याला दारातून हलू देऊ नका. आणि पाकिटावरचं लेबल नीट वाचता येईल असा फोटो आधीच काढून ठेवा.

गोदामबाबू
आणि पाकीट बंद करण्याआधी आतल्या वस्तूचाही काढा. आमच्यासाठी!