मदत हवी आहे: गटाच्या सभासदांची कागदपत्रे व्हॉट्सॲपऐवजी कुठे ठेवावीत?

नमस्कार. नाशिकजवळच्या आमच्या द्राक्ष बागायतदार गटाचे कागदपत्रांचे काम मी पाहतो. निर्यातीसाठी द्राक्षबागांची ग्रेपनेट नोंदणी, पीकविमा, अनुदान अशा कामांसाठी सभासद सातबारा, आधार आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो सरळ गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकतात; छाटणीच्या तारखा आणि फवारणीच्या नोंदीही तिथेच असल्यामुळे कोणाचा आधार क्रमांक आता कोणकोणाच्या फोनमध्ये आहे, याचा कोणालाच पत्ता नाही.

संदेश वाटेत कूटबद्ध असतात, हे मान्य. परंतु गूगल ड्राइव्हवरील बॅकअपला तेच संरक्षण हवे असल्यास वेगळी सेटिंग चालू करावी लागते, आणि ती आमच्यापैकी किती जणांनी केली असेल, हे सांगायला नको. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची मालक कंपनी मेटा हिला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा मुख्य आक्षेप होता तो ‘मान्य करा, नाहीतर ॲप सोडा’ या सक्तीला. सक्ती आमच्यावरही आहेच, कारण व्यापारी आणि औषधविक्रेते सगळे तिथेच आहेत.

केवळ शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार दिल्यास ही कामे अडतात का? स्मार्टफोन जेमतेम हाताळणाऱ्या वयस्कर सभासदांनाही जमेल, असा कागदपत्रे जमा करण्याचा दुसरा मार्ग कोणी प्रत्यक्ष वापरला आहे का? तसेच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली आमच्यासारख्या छोट्या गटाने सभासदांची लेखी संमती घेऊन ठेवावी का, आणि घ्यायची झाल्यास तिचा मराठी नमुना कोणाकडे असल्यास कृपया द्यावा.