मदत हवी आहे: पोटरीतील कळ कमी, कंबरदुखी जास्त, व्यायाम चालू ठेवावा का?

नमस्कार. गेल्या ७ आठवड्यांपासून माझी कंबर डाव्या बाजूला दुखते आणि अर्धा तास खुर्चीत बसले की कळ नितंबातून थेट पोटरीपर्यंत उतरते. चालू लागल्यावर मात्र ती ओसरते. सकाळी मोजे घालण्यासाठी वाकणे हे सध्या दिवसातले सर्वांत अवघड काम आहे. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकती किंचित बाहेर आल्याचे दिसले, परंतु काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या तपासणीतही असे आढळते, हे डॉक्टरांनी समजावल्यामुळे अहवालाची धास्ती उरलेली नाही. पायातील ताकद शाबूत आहे, जांघेत बधिरपणा नाही आणि लघवी-शौचावरील ताबाही व्यवस्थित आहे. यांपैकी काही बिघडल्यास तातडीने रुग्णालय गाठायचे, हे मला ठाऊक आहे. अंथरुणात पडून राहू नका, असे डॉक्टर सांगतात, तर घरची वडीलधारी मंडळी (प्रेमापोटीच) हलू देत नाहीत. फिजिओथेरपिस्टने पालथे झोपून कोपरांवर छाती उचलण्याचा व्यायाम दिला आहे. तो केल्यावर पोटरीतील कळ कमी होते, पण कंबर अधिक दुखते. पुढची भेट १० दिवसांनी आहे. तोवर हे सुधारणेचे लक्षण समजून व्यायाम चालू ठेवावा की थांबवावा, हे अनुभवी किंवा जाणकार सदस्यांनी कृपया सांगावे.