प्रति: बोर्डावर रजि. नं. बघून संस्था निवडा

वर एकानं लिहिलंय की दिव्यांग मुलांसाठी संस्था निवडताना बोर्डावर रजि. नं. असला की बास. तेवढ्यावर जाऊ नका. माझ्या भाच्याला ऐकू येत नाही, परभणीत आम्ही असाच नंबर बघून स्पीच थेरपी लावली, आठ महिन्यांनी कळलं की तो नंबर नुसता ट्रस्टच्या नोंदणीचा, धर्मादाय आयुक्तांकडचा. 2016 च्या दिव्यांग कायद्याखाली संस्थेची वेगळी नोंदणी लागते, ते सर्टिफिकेट दर्शनी भागात लावावं लागतं, तेच बघा. अन् थेरपिस्टचा सीआरआर नंबर (केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतला नंबर) न लाजता मागा, तो भारतीय पुनर्वास परिषद देते.

आताच्या थेरपिस्ट मॅडमनी तो नंबर स्वतःहून दाखवला, अन् पहिल्याच दिवशी 'फ' म्हणताना पोराचा हात स्वतःच्या तोंडापुढं धरला, फुंकर लागली तसं लेकरू खुदकन हसलं, आठ महिन्यांत पहिल्यांदा.